व्हॅलगॅनसायक्लोव्हिर ४५०: दिवसाला दोन गोळ्या, पण कुणाच्या किडनीच्या हिशेबाने?

गोळी काम करते. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईल. हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाही, औषधाचा आहे: किडनी बसवलेल्यांना एका विषाणूसाठी दिल्या जाणाऱ्या गोळीचा. मी वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या आणि डब्या वापरल्या, पाकिटावरची छपाई सोडली तर मला फरक जाणवला नाही. गोळीबरोबर व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याच्या, तपासणीबद्दलही लिहितो आहे, कारण तो रिपोर्ट हातात नसेल तर गोळी लागू पडते आहे की नुसते पैसे जात आहेत हे कळायला मार्गच नाही.

मी मिरजेचा. एसटीच्या कार्यशाळेत भांडार सांभाळतो. वय ५२, वजन ६० किलो. किडनी बायकोची, ऑपरेशन पुण्यात. आयुष्यभर सही करून माल घेतला आणि सही घेऊन दिला, त्यामुळे औषधाच्या दुकानातही आधी बॅच नंबर, एक्सपायरी आणि एमआरपी बघतो. दुकानदार वैतागतात. वैतागू देत.

गोळी गुलाबी, लांबट, वरून गुळगुळीत थर चढवलेली. गिळायला त्रास नाही. जेवणाबरोबरच घ्यायची, कारण अन्नाबरोबर ती शरीरात जास्त शोषली जाते. रिकाम्या पोटी, चहाबरोबर घेणारे लोक मी ओपीडीत पाहिले आहेत. एवढी महाग गोळी आणि तिचा काही भाग असा वाया घालवायचा, हे मला बघवत नाही. मी भाकरी-भाजी अर्धी झाली की घेतो.

गोळी तोडायची नाही, कुटायची नाही. हे पाकिटातल्या कागदावर मुंगीच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. कारण साधं नाही. या औषधाने गर्भाला इजा होऊ शकते आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत कॅन्सरचा धोकाही दिसलेला आहे. गोळी फुटली आणि पूड हाताला लागली तर साबणाने धुवायची. आमच्या घरी आठवड्याचा गोळ्यांचा डबा सूनबाई भरायची. तिला दिवस गेल्यावर ते काम मी स्वतःकडे घेतलं. मराठीत चार ओळी छापायला कंपन्यांना काय धाड भरते कळत नाही. मायकोफिनोलेट या किडनी सांभाळणाऱ्या औषधाच्या बाबतीतही तीच बोंब.

आता ही गोळी लागते कशाला? सायटोमेगालो नावाच्या विषाणूसाठी. सगळे सीएमव्ही म्हणतात. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, एखाद्या साध्या तापासारखा, किंवा तेवढाही नाही. होऊन गेला म्हणजे गेला नाही. हाडाच्या मगजातल्या पेशींमध्ये तो गप्प पडून राहतो, जन्मभर. निरोगी माणसाचं शरीर त्याच्यावर पाळत ठेवायला केवढा खर्च करतं हे ऐकून मी चाट पडलो: ज्यांना हा विषाणू होऊन गेला आहे त्यांच्या रक्तातल्या स्मृती राखणाऱ्या टी पेशींपैकी (टी पेशी म्हणजे शरीराची राखण करणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) सरासरी दहा टक्के एकट्या सीएमव्हीवर नेमलेल्या असतात. शरीराचा दहावा हिस्सा बंदोबस्त एका विषाणूवर. आणि ट्रान्सप्लांटनंतर आपण टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, स्टेरॉइड देऊन नेमका हाच बंदोबस्त ढिला करतो, कारण याच टी पेशी नव्या किडनीवर उठतात. सुरुवातीला एटीजी नावाचं टी पेशी मारणारं औषध दिलं असेल तर टी पेशी बऱ्याच काळासाठी साफच होतात. मला दिलं होतं.

हे सगळं मला समजावलं ते थोरल्या मुलीने. ती शिवाजी विद्यापीठातून मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी झाली आहे. मी तिला विचारलं, "इतकी पाळत असते तर तो पन्नास वर्षं टिकतोच कसा?" ती म्हणाली, "बाबा, तुमच्या डेपोच्या गेटचं उदाहरण घ्या." मग जे सांगितलं ते असं. शरीरातली प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे बाहेरच्या पृष्ठभागावर एका खास रेणूवर अडकवून दाखवत असते, गळ्यातल्या ओळखपत्रासारखं. टी पेशी ते बघत फिरतात. तुकडा परका दिसला की ती पेशी मारतात. सीएमव्ही काय करतो, तर ओळखपत्रच बाहेर येऊ देत नाही. त्याची यूएस२ आणि यूएस११ ही प्रथिनं तो रेणू पेशीच्या आतच ओढून कचऱ्यात काढतात, यूएस३ त्याला अडवून धरतं आणि यूएस६ तुकडे अडकवण्याच्या जागेपर्यंत पोचूच देत नाही. एका कामाला चार माणसं लावलेली.

मी म्हटलं, बिनओळखपत्राचा माणूस तर आमच्या गेटवर लगेच अडवतात. "बरोबर," ती म्हणाली, "शरीरातही अडवतात." एनके नावाच्या पेशी नेमकं हेच करतात, जिथे ओळखपत्र नाही ती पेशी संपवतात. त्यावरही विषाणूची तयारी आहे. यूएल१८ नावाचं प्रथिन तो बनवतो, ते दिसायला त्या रेणूसारखंच असतं. म्हणजे बनावट ओळखपत्र. वर यूएल४० वेगळ्या मार्गाने एनके पेशींना "सगळं ठीक आहे" असा निरोप पोचवतं. शिवाय आपल्या शरीरात जळजळ शांत करणारं इंटरल्यूकिन-१० नावाचं रसायन असतं, त्याची नक्कलही तो स्वतः तयार करतो. लाखो वर्षं माणसाबरोबर राहून शिकलेला विषाणू आहे हा. एवढ्या युक्त्या करूनही धडधाकट माणसात तो डोकं वर काढू शकत नाही. आमच्यासारख्यांत काढतो.

माझी किडनी बसल्यावर पहिले काही महिने ही गोळी बचावासाठी चालू होती. दिवसाला एक. ती बंद झाल्यावर काही आठवड्यांनी संध्याकाळचा बारीक ताप, पातळ जुलाब, जिना चढताना धाप. पांढऱ्या पेशी २,४००. व्हायरल लोड ३८,००० आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर. गोळी चालू असताना काही झालं नाही आणि बंद केल्यावर झालं, म्हणून घरच्यांना वाटलं गोळी कुचकामी. असं होणं नवीन नाही. विषाणू आधी कधीच न झालेल्या माणसाला विषाणू असलेल्याची किडनी बसली तर धोका सगळ्यात जास्त असतो. अशा रुग्णांवरच्या २०१० सालच्या एका मोठ्या अभ्यासात गोळी १०० दिवस घेणाऱ्यांपैकी ३६.८ टक्क्यांना वर्षभरात सीएमव्हीचा आजार झाला, २०० दिवस घेणाऱ्यांत १६.१ टक्क्यांना. गोळी विषाणूला मारत नाही, त्याची वाढ थांबवते. मगजात झोपलेल्या विषाणूपर्यंत तर ती पोचतच नाही. शेवटचं काम शरीराच्या टी पेशींनाच करावं लागतं आणि गोळी बंद होईपर्यंत त्या सावरल्या नसतील तर तो उठतो.

माझ्यावर उपचार म्हणून सकाळ-संध्याकाळ ४५०, म्हणजे दिवसाला दोन गोळ्या लिहिल्या. हा रिव्ह्यू मुळात या दोन गोळ्यांसाठी लिहितो आहे.

पुस्तकातला उपचाराचा पूर्ण डोस दिवसातून दोनदा ९०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे चार गोळ्या. मला दोनच का? औषध किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी जितकी मंद तितका डोस कमी. हिशेब साधा आहे आणि मी तो वहीत करून ठेवला आहे. १४० मधून वय वजा करायचं, आलेल्या आकड्याला वजनाने गुणायचं, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी मंदावली की हा आकडा चढतो) याने भागायचं. (बायकांसाठी उत्तराला पुन्हा ०.८५ ने गुणतात.) माझं क्रिएटिनिन १.६. १४० वजा ५२ म्हणजे ८८, गुणिले ६०, म्हणजे ५,२८०. भागिले ११५.२. उत्तर साधारण ४६. हे उत्तर ६० किंवा वर असेल तर ९०० दोनदा. ४० ते ५९ असेल तर ४५० दोनदा. २५ ते ३९ असेल तर ४५० एकदाच. म्हणून माझ्यासाठी दोन गोळ्या हा पूर्ण डोस होता. कमी नाही, काटकसर नाही.

पुण्याच्या ओपीडीत इचलकरंजीचा एक पोरगा भेटायचा. यंत्रमागाचा धंदा, वय ३५, वडिलांची किडनी. ऑपरेशनआधी त्याला सीएमव्ही कधीच झालेला नव्हता, वडिलांना होऊन गेलेला. म्हणजे सगळ्यात वाईट जोडी. क्रिएटिनिन १.१, वजन ६५. वरच्या सूत्रात आकडे टाकून बघा, उत्तर ८६ येतं. त्याला दिवसाला चार गोळ्या लिहिलेल्या होत्या आणि तो दोन घेत होता. मंदी होती, मागाचे हप्ते थकले होते आणि रांगेत माझ्यासारखे दोन गोळ्यांवर बरे होणारे दिसत होते. अमुकला दोनवर उतरलं, तमुकला दोनवर उतरलं, मग मला कशाला चार? त्याला उत्तर कुणी दिलं नाही. प्रिस्क्रिप्शनवर गोळ्यांची संख्या असते, कारण नसतं.

अर्ध्या डोसवर विषाणूचं काय होतं ते आता सांगतो, कारण इथेच खरी गंमत आहे आणि खरा धोकाही.

व्हॅलगॅनसायक्लोव्हिर पोटात गेलं की त्याचं गॅनसायक्लोव्हिर होतं. ते तसंच काही कामाचं नसतं. त्याला फॉस्फेटचे तीन गट लागले तरच ते विषाणूचं डीएनए जोडणाऱ्या यंत्रणेत घुसून साखळी अडवतं. यातला पहिला फॉस्फेट कोण लावतं? विषाणूचं स्वतःचंच यूएल९७ नावाचं एन्झाइम. पुढचे दोन आपल्या पेशी लावतात. म्हणजे ज्या पेशीत विषाणू आहे तिथेच औषध धारदार होतं. ज्याने हे शोधलं त्याला माझा सलाम.

विषाणूने यावर शोधलेला मार्गही तितकाच धूर्त आहे. यूएल९७ मध्ये एखाद्या ठिकाणी एक अमिनो आम्ल बदलतं आणि ते एन्झाइम विषाणूचं स्वतःचं काम करत राहतं, पण औषधाला फॉस्फेट लावायचं सोडून देतं. असे बदल ठरावीक जागीच दिसतात: ४६०, ५२०, आणि ५९० ते ६०७ हा पट्टा. ५९४ व्या जागेवर अॅलानिनच्या ऐवजी व्हॅलिन आलं की विषाणू रोखायला पाच ते दहा पट औषध लागतं. तेवढं औषध माणसाला देता येत नाही, रक्तपेशी बसतील. ५९२ व्या जागेचा बदल मात्र सौम्य, त्यात डोस वाढवून कधी कधी भागतं. यानंतरही औषध चालूच राहिलं तर दुसरा बदल यूएल५४ मध्ये येऊ शकतो, म्हणजे डीएनए जोडणाऱ्या ज्या एन्झाइमवर, पॉलिमरेजवर, औषध जाऊन बसतं त्यातच. मग हाताशी असलेली दुसरी औषधंही निकामी होऊ शकतात.

मुलीला मी एक शंका विचारली होती. कोविडचा विषाणू भराभर बदलतो हे सगळ्यांनी पाहिलं, पण तो आरएनएवाला. सीएमव्ही तर डीएनएवाला, साधारण २,३५,००० अक्षरांचा, नक्कल करताना चुका तपासून दुरुस्त करणारा. तो इतका पटकन कसा बदलतो? तिने सांगितलं की तो पटकन बदलतच नाही. ज्याची प्रतिकारशक्ती दाबली आहे त्याच्या शरीरात त्याची संख्या साधारण दिवसाला दुप्पट होऊ शकते. संख्या प्रचंड झाली की एखादा यूएल९७ बिघडलेला विषाणू आपोआप त्यात असतोच, गोळी सुरू व्हायच्या आधीपासून. बिनऔषधाच्या शरीरात त्याला काही फायदा नाही, तो गर्दीत हरवतो. अर्धा डोस दिला की साधे विषाणू दबतात आणि जागा या बदललेल्याला मिळते. पूर्ण डोस दिला तर एकूण वाढच इतकी खाली येते की टी पेशींना उरलेल्यांचा समाचार घेता येतो. ज्याच्याकडे सीएमव्ही ओळखणाऱ्या टी पेशी मुळातच नाहीत, जसा हा इचलकरंजीचा, त्याच्यात विषाणूला दोन्हीकडून मोकळं रान. प्रतिरोध, म्हणजे विषाणूने औषधाला दाद न देणं, साधारणपणे औषध काही आठवडे घेतल्यावरच दिसतो, पहिल्या आठवड्यात नाही. त्याच्यातही तसंच झालं. लोड थोडा उतरला, थांबला, मग चढायला लागला. रक्त जनुकीय तपासणीला गेलं, उत्तर आलं ५९४.

पुढे त्याला फॉस्कार्नेटच्या सलाइनवर ठेवलं. हे औषध यूएल९७ वर अवलंबून नाही, थेट पॉलिमरेजला धरतं, त्यामुळे चाललं. पण किडनीला जड. पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम रोज बघावं लागतं. लोड गेला, क्रिएटिनिन १.१ वरून १.९ वर येऊन थांबलं. गोळ्यांत जेवढे वाचले त्याच्या कित्येक पट खर्च झाला. तो आता माझ्याशी बोलताना हसतो, पण सूत्र त्याने मोबाइलच्या कव्हरमागे लिहून ठेवलं आहे.

आता कापलेला तारा. गोळी पांढऱ्या पेशी पाडते. सीएमव्हीसुद्धा पाडतो, मायकोफिनोलेटही पाडतं, मग तिघं मिळून पाडतात. उपचार चालू असताना माझ्या १,९०० झाल्या. घरात एकच सूर, "गोळी कमी करा." डॉक्टरांनी गोळीला हात लावला नाही. मायकोफिनोलेट निम्मं केलं आणि पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं. मला तेव्हा ते उलटं वाटलं. किडनी सांभाळणारं औषध कमी आणि पेशी पाडणारं तसंच? पण विषाणू अंगात वाढत असताना त्याचं औषध अर्धवट करणं म्हणजे इचलकरंजीची गोष्ट पुन्हा घडवणं. शिवाय मायकोफिनोलेट कमी झालं की टी पेशींनाही थोडा हात मोकळा मिळतो. यात किडनी नाकारली जाण्याचा धोका असतोच, म्हणून हा निर्णय घरच्या बैठकीत घ्यायचा नाही, कमी-जास्त काय करायचं ते डॉक्टरच ठरवतील. पण गोळीचा हा दोष खरा आहे आणि मोठा आहे. २०२३ साली लेटर्मोव्हिर नावाच्या नव्या गोळीची हिच्याशी किडनीच्या रुग्णांत तुलना झाली. आजार रोखण्यात दोघी बरोबरीच्या निघाल्या (१०.४ आणि ११.८ टक्के), पण पांढऱ्या पेशी पडण्याचं प्रमाण लेटर्मोव्हिरवर २६ टक्के आणि आपल्या गुलाबी गोळीवर ६४ टक्के. म्हणून चारच तारे.

नवी औषधं आली म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. मारिबाव्हिरला अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली, प्रतिरोधी सीएमव्हीसाठी. ते यूएल९७ लाच बंद पाडतं. आता विचार करा: गॅनसायक्लोव्हिरला धार यूएल९७ लावतं आणि मारिबाव्हिर यूएल९७ बंद करतं. म्हणून दोन्ही एकत्र द्यायची नाहीत, एक दुसऱ्याला निकामी करतं. "दोन्ही दिली तर जास्त जोर येईल" हे इथे चालत नाही. आणि मारिबाव्हिरलाही विषाणू ४०९ आणि ४११ या जागा बदलून चुकवतो. लेटर्मोव्हिर वेगळ्याच ठिकाणी, डीएनए कापून कवचात भरणाऱ्या यूएल५६ वर काम करतं, तर तिथे ३२५ वी जागा बदलते. शिवाय लेटर्मोव्हिर नागिणीच्या विषाणूवर चालत नाही, आणि या दोन्ही नव्या औषधांनी टॅक्रोची पातळी वाढते. आपली जुनी गोळी निदान टॅक्रोच्या वाटेला जात नाही.

व्हायरल लोडच्या तपासणीला मी तीनच तारे देईन आणि तेही सढळ हाताने. तपासणी म्हणून चांगली, सेवा म्हणून भोंगळ. एका लॅबचा पोरगा भर मे महिन्यात घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि ट्यूब दप्तराच्या कप्प्यात टाकून मोटारसायकलवर पुढच्या तीन घरी गेला. बर्फाची पिशवी? "ती मोठ्या गाडीत असते, काका." मी लॅबच्या मॅनेजरला फोन करून नमुना रद्द करायला लावला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन दिला. दुसऱ्या एका लॅबचा रिपोर्ट नुसत्या कॉपीजमध्ये, म्हणजे विषाणूच्या प्रतींच्या संख्येत आला, पहिल्याचा आंतरराष्ट्रीय एककात. शिवाय एकाने प्लाझ्मावर, म्हणजे पेशी काढलेल्या रक्तावर केलेली, दुसऱ्याने पूर्ण रक्तावर. पूर्ण रक्तात आकडा मोठा येतो. अशा दोन रिपोर्टांची तुलना करून रात्रभर जागायचं नाही. २०१० पासून जागतिक आरोग्य संघटनेचा मानक नमुना आहे, त्याला धरून एककात रिपोर्ट देणारी लॅब शोधा आणि तीच धरून ठेवा. लॅब बदलण्यात जी दोनशे रुपयांची बचत होते तिचा काही उपयोग नाही.

रिपोर्ट वाचायचा कसा? एकाच लॅबमध्येही तीन पटीपर्यंतचा फरक हा फरक धरत नाहीत. माझा लोड पहिल्या आठवड्यानंतर ३८,००० वरून ४५,००० झाला तेव्हा बायकोने देवापुढे दिवा लावला आणि मुलीने फोनवर सांगितलं की तीन पट झाला असता तर ऐकून घेतलं असतं. पहिल्या दोन आठवड्यांत तो थोडा वाढलाच तर लगेच प्रतिरोध म्हणत नाहीत. पूर्ण डोसवर दोन आठवडे होऊनही दहा पटीने खाली आला नाही तर मात्र डॉक्टर सावध होतात. माझा दोन आठवड्यांनी २,१०० झाला. अठरा पट खाली. नंतर "मर्यादेपेक्षा कमी" आणि मग "आढळला नाही". हे दोन शेरे एक नाहीत. पहिल्याचा अर्थ, विषाणू आहे पण मोजण्याइतका नाही. गोळी "आढळला नाही" येईपर्यंत चालू ठेवली, ताप-जुलाब त्याच्या आधीच थांबले होते. बरं वाटतंय म्हणून थांबणारे अनेक असतात.

हे सगळं घरबसल्या तोंडाने गोळी घेऊन झालं, सलाइन लागलं नाही. २००७ च्या अभ्यासात ३२१ रुग्णांत या गोळीची शिरेतून दिल्या जाणाऱ्या गॅनसायक्लोव्हिरशी तुलना झाली आणि गोळी कमी पडली नाही. आजार फार गंभीर असेल तर आजही शिरेतूनच सुरू करतात.

एक गोष्ट राहिली. बीके नावाचा दुसरा विषाणू आहे, १९७१ मध्ये लंडनमध्ये किडनी बसवलेल्या एका रुग्णाच्या लघवीत सापडला आणि त्याच्याच आद्याक्षरांवरून नाव पडलं. तो थेट नव्या किडनीतच वाढतो. "विषाणूची गोळी चालू आहे ना, मग बीके कशाला तपासायचा?" असं विचारणाऱ्यांसाठी: ही गोळी त्याच्यावर चालत नाही. फॉस्फेट लावणारं यूएल९७ त्याच्याकडे नाहीच. त्याच्यावर खात्रीचं कुठलंच औषध नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं हाच उपाय. तोही किडनीत बसल्या बसल्या आपल्या कवचाच्या व्हीपी१ प्रथिनात बदल करून अँटिबॉडी चुकवतो, आणि त्यातले काही बदल तर आपल्याच पेशींतलं विषाणूविरोधी एन्झाइम घडवून आणतं. त्याची तपासणी वेगळी, पैसेही वेगळे.

किमतीबद्दल. महाग आहे, पण आपल्याकडे याहून फार महाग राहिली असती. मूळ कंपनी रोशला २००७ मध्ये भारतात पेटंट मिळालं होतं. एचआयव्ही रुग्णांच्या संघटनांनी आणि सिप्लासारख्या कंपन्यांनी त्याला हरकत घेतली आणि २०१० मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने ते रद्द केलं. आज इतक्या कंपन्या बनवतात ते त्यामुळे. छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारी किंमत यात मोठं अंतर असतं. हॉस्पिटलच्या आवारातल्या दुकानात छापील किमतीला घेऊ नका. सांगली-मिरजेत घाऊक औषधवाले आहेत, महिन्याचा माल एकदम सांगितला तर बरीच सूट देतात. पक्कं बिल मात्र मागायचं आणि बॅच नंबर बिलावर आहे का बघायचा.

एकदम फार साठाही करू नका. क्रिएटिनिन बदललं की डोस बदलतो, लोड गेला की गोळी बंद होते, आणि उरलेल्या पट्ट्या कपाटात पडून राहतात. बंद पट्टी परत घेणार का हे विकत घेतानाच विचारा. माझ्या दुकानदाराने बिल दाखवल्यावर दहा टक्के कापून घेतल्या. सील फोडलेली डबी घेतली नाही, आणि ते बरोबरच आहे, मीही भांडारात घेतली नसती.